हेडमास्तरांच्या गाडीची वही

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी रंग पाहतो, मग हॉर्न वाजवून पाहतो, आणि शेवटी सीटवर बसून आरशात स्वतःचं तोंड पाहतो. एवढं झालं की मनाने त्याने गाडी घेतलेलीच असते. मग कुणीतरी त्याला सांगतं, "अरे, आधी महाराजांना दाखव." आणि तो थोडा नाराज होऊनच माझ्याकडे येतो.

महाराज म्हणजे मी. धंद्याने मोटार मेकॅनिक. अमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्याला माझं गॅरेज होतं. आमचं घराणं भिक्षुकीचं. वडील लग्न जमवणाऱ्यांच्या पत्रिका पाहत, आणि त्यांचा शब्द आमच्या भागात चालत असे. मी पोथी सोडून पाना हातात घेतला, तेव्हा त्यांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पण 'महाराज' ही हाक काही सुटली नाही. गाडीखाली आडवा पडलेला, कोपरापर्यंत काळा झालेला महाराज साऱ्या वऱ्हाडात मी एकटाच असेन. लोक थट्टा करायचे, "बाप पत्रिका पायते अन् पोरगा गाड्या पायते. दोघंबी दुसऱ्याचं लग्न मोडते."

थट्टा खरीच होती. पन्नास-साठच्या दशकात नवी गाडी मिळणं म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणं. परदेशी गाड्या येणं बंद झालेलं, त्यांचे सुटे भागही मिळत नसत. त्यामुळे आधी आलेल्या गाड्याच या हातातून त्या हातात फिरत राहायच्या. सरकारी पुस्तकात मालकांची नावं असायची, पण गाडीची दुखणी कुठेच लिहिलेली नसायची. ती गाडीच्या अंगावरून वाचावी लागत. ते वाचण्याचं काम माझ्याकडे आपोआप आलं आणि गॅरेजपेक्षा मला त्यातच जास्त नाव मिळालं.

माझी पद्धत साधी होती. गेल्याबरोबर बॉनेटवर तळहात ठेवायचा, पोराचा ताप पाहतो तसा. कोमट लागलं तर समजायचं की मालकाने आम्ही यायच्या आधीच इंजिन चालवून ठेवलंय, म्हणजे थंड असताना ते सुरू व्हायला कुरकुरतं. मग पेडल पाहायची. गाडी म्हातारी आणि पेडलचं रबर कोरं असेल तर कुणीतरी वय लपवतंय. दाराच्या रबराखाली नखाने खरवडलं की गाडीचा जुना रंग दिसतो. नटांचे कोपरे झिजले असतील तर ते किती वेळा उघडले ते कळतं. लोखंडात तडा असल्याचा संशय आला तर तिथे रॉकेल लावायचं, कापडाने कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड टाकायची. तडा असला तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते. लोकांना हा चमत्कार वाटे. त्यात चमत्कार काही नाही, रॉकेलचा स्वभावच तसा आहे.

दोन नियम मी कडक पाळत असे. एक, गाडी पाहून होईपर्यंत मालकाच्या घरचा चहा घ्यायचा नाही. चहा घेतला, वर बशीभर चिवडा खाल्ला, की जीभ जड होते. दुसरा, कागद सर्वांत शेवटी पाहायचे. मालकाचं मोठं नाव आधी वाचलं की डोळे गाडीत दोष पाहायला तयार होत नाहीत. या दुसऱ्या नियमाचा मला फार अभिमान होता. तो एकदा माझ्यावरच कसा उलटला, ते पुढे सांगतो.

माणसं तऱ्हेतऱ्हेची भेटली. एका गृहस्थाची गाडी पाहताना मागच्या चाकांच्या मधला गिअरचा डबा उघडला, तर आतून पिकलेल्या केळांचा वास. झिजलेले दाते खरखर करतात, तो आवाज दाबायला काही हुशार लोक तेलात केळीची सालं कोंबत. चार दिवस आवाज गप्प बसतो. मी मालकांना विचारलं, "काय हो, गाडीला आज उपास आहे का?" ते गृहस्थ मला पुढे कित्येक वर्षं बाजारात दिसले की दुसऱ्या बाजूने जात.

एक वकीलसाहेब होते. त्यांची गाडी पूर्णेच्या पुरात बुडालेली असावी असं मला वाटलं. मी तसं म्हणताच त्यांनी साक्षीदाराची घ्यावी तशी माझी उलटतपासणी सुरू केली. "तुम्ही स्वतः पाहिलं का पाणी शिरताना? नाही ना? मग ऐकीव गोष्ट सांगू नका." मी दाराच्या आतला पुठ्ठा काढला. खाली वाळलेला काळा गाळ, आणि त्यात बोटाच्या पेराएवढा एक शिंपला. तो उचलून मी त्यांच्या बॉनेटवर ठेवला आणि म्हटलं, "हा पाहणारा आहे, याला विचारा." वकीलसाहेब हसले, हे त्यांचं मोठेपण. गाडी मात्र त्यांनी पुढे कुणाला विकली ते मला माहीत नाही.

असे किस्से सांगत बसलो तर माझा मोठेपणाच तेवढा वाचायला मिळेल. म्हणून आता ज्या गाडीने मला खाली बसवलं तिच्याबद्दल सांगतो.

त्यासाठी आधी उस्तादांची ओळख करून द्यायला हवी. अमरावतीत गॅरेज टाकण्याआधी मी सहा-सात वर्षं अकोल्याला करीमउस्तादांच्या हाताखाली होतो. उंच, हडकुळे, कमी बोलणारे. त्यांच्या गॅरेजात एक रीत होती. नट ढिला होऊ नये म्हणून त्याच्या आरपार दोन पायांची एक तारेची पिन घालतात आणि तिचे पाय वाकवून ठेवतात. उस्ताद म्हणत, प्रत्येकाने पाय आपल्या पद्धतीने वाकवायचे, म्हणजे उद्या काही बिघडलं तर कुणाचा हात होता ते पिन सांगेल. ते स्वतः दोन्ही पाय नटाभोवती गुंडाळत. मी एक पाय सरळ वर उभा ठेवायचो आणि दुसरा तोडून आखूड करून डावीकडे दुमडायचो. ती माझी सही.

दुसरी गोष्ट ते रोज सांगत. "स्टेरिंग और बिरेक में वेल्डिंग नहीं. टूटा तो बदलो, नहीं मिला तो गाड़ी खड़ी रखो. गाड़ी खड़ी रहने से कोई नहीं मरता."

एकदा उस्ताद मुलीच्या लग्नासाठी बऱ्हाणपूरला गेले आणि गॅरेज माझ्या भरवशावर सोडून गेले. त्याच आठवड्यात कापसाची जिनिंग असलेल्या एका शेठजींची दुधी रंगाची गाडी बैलगाडीने ओढून आणली. चाक खड्ड्यात आपटून स्टिअरिंगचा आर्म मानेशी तडकला होता. आर्म म्हणजे स्टिअरिंगच्या डब्यातून खाली उतरणारा लोखंडी हात. आपण चाक फिरवतो तेव्हा हाच हात पुढच्या दोन्ही चाकांना वळवतो. तो तुटला की आपण नुसतं चाक फिरवत बसतो आणि गाडी मनाला येईल तिकडे जाते. मुंबईहून नवा आर्म यायला महिने लागले असते आणि शेठजींच्या घरचं वऱ्हाड दुसऱ्या दिवशी अकोटला निघायचं होतं. मुनीमजी हात जोडून उभे.

मी त्या वेळी पंचविशीतला. गॅस वेल्डिंगमध्ये माझा हात अकोल्यात कुणी धरणार नाही अशी माझी समजूत होती. मी आर्मला वेल्डिंग केलं. कानशीने घासून इतकं गुळगुळीत केलं की जोड बोटाला लागेना. वर काळा रंग दिला. "वऱ्हाड परत आलं की गाडी लगेच आणा, नवा आर्म मागवू," असं मुनीमजींना बजावलं. गाडी आली नाही. महिन्याभरात शेठजींनी ती विकली असं कानावर आलं. मी चौकशी केली नाही. उस्ताद परतले, त्यांनी विचारलं, "कोई बड़ा काम आया था?" मी म्हटलं, "नाही." त्यांच्याशी मी एवढं एकदाच खोटं बोललो. तो तडकलेला हात कुठल्यातरी गाडीत कुणाच्यातरी पायाशी फिरतोय, हे मी हळूहळू विसरून गेलो. विसरायला मला फारसे कष्ट पडले नाहीत, याचीच आता लाज वाटते.

मध्ये दहा-अकरा वर्षं गेली. मी अमरावतीला आलो, लग्न झालं, नाव झालं. एके दिवशी हिवरखेडचे नामदेवराव गॅरेजवर आले. घरचा मळा, भाजीपाला आणि केळी पिकवणारे. बोलणं मोजकं, डोक्याला पांढरा रुमाल.

"महाराज, मले गाडी घ्याची हाये. अकोल्याले पाठक हेडमास्तर हायेत, त्यायची."

"मळ्यासाठी?"

"मळ्यासाठी कायले? गावासाठी. भाड्यानं चालवीन." मग म्हणाले, "मांगच्या पावसात आमच्या वहिनीले बाळंतपनाले अकोल्याले नेत होतो. बैलगाडीत. वहिनी वाचली, लेकरू रस्त्यातच गेलं. तवापासून डोक्यात हेच हाये. गावात एक गाडी पायजे. फकत गाडी दगा देनारी नसावी. मले त्यातलं काई समजत नाई, म्हनून तुमाले घेऊन चाललो."

पुढच्या रविवारी सकाळी मी बडनेऱ्याहून पॅसेंजरने अकोल्याला गेलो. नामदेवराव स्टेशनवर आले होते. टांग्याने आम्ही हेडमास्तरांच्या घरी पोचलो.

पाठक हेडमास्तर म्हणजे अकोल्यातलं धाक वाटणारं माणूस. वरूडकडे वडिलार्जित संत्र्याची बाग होती, तिथे जाण्या-येण्यासाठी त्यांनी ही गाडी घेतली होती. आता मोतीबिंदूने दिसेनासं झालं म्हणून विकायला काढली होती. गाडी हिरव्या रंगाची, धुऊन पुसून कडुनिंबाखाली उभी. बॉनेट थंडगार. मला बरं वाटलं.

हेडमास्तरांनी पुठ्ठ्याची एक जाड वही माझ्यापुढे धरली. "ही गाडीची वही. माझ्याकडे आल्यापासूनची प्रत्येक दुरुस्ती हिच्यात आहे. पंक्चरसुद्धा. या वहीत नाही ते या गाडीला झालेलं नाही. मी शब्द देतो."

मी चाळून पाहिली. लाल शाईने रेघा मारलेल्या, तारीखवार नोंदी. 'तेल बदलले.' 'डावा दिवा गेला, नवा बसवला.' 'स्टिअरिंगला ग्रीस दिले, उघडले नाही.' आयुष्यात शेकडो गाड्या पाहिल्या, पण अशी वही पाहिली नव्हती. आधीचा मालक कोण, ते सरकारी पुस्तकात होतं. पण कागद शेवटी पाहायचे हा माझा नियम. मी वही बाजूला ठेवली आणि कामाला लागलो.

इंजिन चांगलं. ब्रेक चांगले. पेडलची रबरं प्रामाणिकपणे झिजलेली. नामदेवराव माझ्या तोंडाकडे पाहत होते, त्यांचा चेहरा खुलत होता. मग रेडिएटरच्या मागच्या कोपऱ्यात मला चिकटून दगड झालेली रुई दिसली. मी अगदी पंडिताच्या थाटात म्हटलं, "ही गाडी तुमच्याआधी जिनिंगमध्ये उभी राहत होती, सर."

"बरोबर," हेडमास्तर कौतुकाने म्हणाले.

दाराच्या रबराखाली नख घातलं. हिरव्याच्या खाली दुधी रंग.

त्या क्षणी मला शेठजींची गाडी आठवली. पण दुधी गाड्या काय थोड्या होत्या? सतरंजी पसरून मी गाडीखाली गेलो आणि स्टिअरिंगच्या आर्मपाशी बॅटरी धरली. आर्मच्या टोकाच्या नटाला पिन होती. एक पाय सरळ वर. दुसरा आखूड, डावीकडे दुमडलेला.

मी तिथेच पडून राहिलो. रॉकेलचं फडकं आर्मच्या मानेवरून फिरवलं, पुसलं, खडूची पूड फुंकली आणि वाट पाहिली. पांढऱ्यावर केसाएवढी बारीक, काळी रेघ उठली. मानेला अर्धा वेढा घालून ती थांबली होती. दहा वर्षं हेडमास्तर बायकोमुलांना घेऊन याच हातावर वरूडला जात होते, संत्र्याच्या प्रत्येक हंगामात.

"महाराज, चूप काहून झाले?" बाहेरून नामदेवरावांचा आवाज आला.

खरं सांगतो, पहिला विचार पळून जायचा आला. वडील जवळच्या नात्यातली पत्रिका कधी पाहत नसत, दुसऱ्याकडे पाठवत. मला वाटलं, उठावं आणि म्हणावं, बरं वाटत नाही, दुसऱ्या कुणाला दाखवा. पण हा दुसरा कोण? त्याला ती रेघ दिसली नसती.

बाहेर आलो. म्हटलं, "स्टिअरिंगचा आर्म तडकला आहे. पूर्वी कधीतरी वेल्डिंग केलेला आहे. गाडी इथून हलवू नका."

आमच्या धंद्यातली एक जुनी सभ्यता आहे. दोष सांगायचा, पण तो कोणत्या मिस्त्रीने केला ते गिऱ्हाईकासमोर बोलायचं नाही. त्या सभ्यतेच्या आडोशाला मी उभा राहिलो. माझं काम संपलं होतं. सौदा मोडणार होता, कुणाचा जीव जाणार नव्हता आणि माझं नावही राहणार होतं.

पण नामदेवराव हेडमास्तरांकडे वळले. रागावले नाहीत, आवाजही चढला नाही. "मास्तर, मी वहिनीची गोष्ट तुमाले सांगतली होती. तरी तुमी आमाले अशी गाडी देऊन राहिले होते? अन् वर वही दाखवता?"

हेडमास्तर उभे होते ते खुर्चीत बसले. "मला माहीत नव्हतं हो," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं." वही उघडून, अगदी डोळ्यांजवळ नेऊन ते पानं उलटू लागले, जणू कुठेतरी ती नोंद सापडेल. सारं आयुष्य ज्यांनी दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, त्यांच्या वहीवर कुणाचा विश्वास राहिला नव्हता. दारात त्यांच्या पत्नी चहाचा ट्रे घेऊन थबकल्या होत्या.

मला ते पाहवेना.

"सरांचा काही दोष नाही," मी म्हणालो. "वेल्डिंग त्यांच्या हाती गाडी येण्याआधीचं आहे. ते मी केलं आहे."

नामदेवरावांनी माझ्याकडे पाहिलं. "कोनी?"

"मी. याच गावात, तरुणपणी. ती पिन माझी आहे. करायला नको होतं, माहीत असून केलं, आणि कुणाला सांगितलं नाही."

कडुनिंबाची पिवळी पानं बॉनेटवर पडत होती, ती मी उगाच झटकत राहिलो. अमरावतीपासून अकोल्यापर्यंतचं माझं नाव आता या दोघांच्या हातात आहे, एवढंच डोक्यात होतं.

शेवटी नामदेवरावांनी विचारलं, "बाकी गाडी कशी हाये?"

"बाकी गाडी चांगली आहे. अशी जपलेली गाडी मी पाहिली नाही."

"मंग हे दुरुस्त होते का? वेल्डिंग नाई, दुसरं?"

"आर्म मिळाला तर होतं."

"त मिळवा," ते म्हणाले आणि ओट्यावर बसले. "मी इथंच बसून हावो."

आर्म खोलून, फडक्यात गुंडाळून मी करीमउस्तादांकडे गेलो. त्यांनी गॅरेज मुलाकडे दिलं होतं, पण रोज दुपारी खाटेवर येऊन बसत. मोडलेल्या गाड्यांच्या भागांचा ढीग त्यांनी तेवढा आपल्याकडे ठेवला होता. मी पुढ्यात आर्म ठेवला आणि सगळं सांगितलं, ते बऱ्हाणपूरला गेले तेव्हाचं 'नाही'सुद्धा.

त्यांनी वेल्डिंगवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग म्हणाले, "काम बहोत अच्छा किया तूने. बुरा करता तो पहले दिन पकड़ा जाता."

इतकं लागलेलं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी आर्म ऐरणीवर आडवा ठेवला आणि मला हातोडा दिला. मी एकच घाव घातला. आर्मचे दोन तुकडे झाले आणि एक तुकडा उडून भिंतीशी गेला. उस्तादांनी तो आणायला लावला, माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "ये घर ले जा. वो ढेर में देख, उसी मॉडल का मिलेगा."

तासभर शोधल्यावर तसाच आर्म मिळाला, एका मोडीत निघालेल्या गाडीचा, न तडकलेला. रॉकेल आणि खडू मी त्याला तीनदा लावले. उस्ताद माझ्याबरोबर टांग्यात बसून हेडमास्तरांकडे आले. मी गाडीखाली असताना ते खुर्ची टाकून पाहत बसले, मी नवशिका असताना बसायचे तसे. नवी पिन घातली, पाय माझ्या पद्धतीने वाकवले. मला संकोच वाटला, पण उस्ताद म्हणाले, "अब कर. अब तो करना ही है."

मग चहा झाला. हेडमास्तरांच्या पत्नींनी पोहे केले होते. चहा घेतल्यावर मी उठू लागलो तर हेडमास्तर म्हणाले, "बसा. अजून काम राहिलं आहे."

त्यांनी वही उघडली. पहिल्या नोंदीच्या आधी एक कोरं पान होतं. ते पान माझ्यासमोर ठेवून त्यांनी दौत पुढे सरकवली. "माझ्याआधी काय झालं ते इथे लिहा."

"तारीख आठवत नाही, सर."

"मग तारीख आठवत नाही असं लिहा. खोटी घालू नका."

शाळेत असताना लिहिलं नसेल इतकं जपून मी लिहिलं. 'तारीख आठवत नाही. स्टिअरिंगचा आर्म तडकला असता मी वेल्डिंग केला. तसे करायचे नसते हे मला माहीत होते. गाडी चालवणाऱ्या कुणालाही सांगितले नाही. आज बदलला.' खाली पूर्ण नाव लिहून सही केली. हेडमास्तरांनी वही डोळ्यांजवळ नेऊन वाचली, शाई वाळू दिली आणि मग ती नामदेवरावांच्या हातात दिली. "आता घ्या," ते म्हणाले. "आता ही पूर्ण आहे."

मला वाटलं होतं, माझा धंदा बसेल. नामदेवराव हे सगळीकडे सांगणार यात मला शंका नव्हती, आणि त्यांनी सांगितलंही. महिनाभर कुणी फिरकलं नाही. मग एक वरूडचा बागवाला आला. दारातूनच म्हणाला, "महाराज, गाडी पायाची हाये. आधी सांगा, तिले तुमचा हात लागला का कधी?" तेव्हापासून हा प्रश्न मला सगळेच विचारू लागले. मी प्रत्येक वेळी आठवून उत्तर द्यायचो, आणि लागला असेल तर काय केलं तेही सांगायचो. याचा मला कधी त्रास झाला नाही. उलट मन हलकं राहिलं. वडिलांना मी सारं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आता आपलं दोघांचं काम एक झालं. असेल तो दोष सांगायचा, आपला असला तरी." त्यानंतर त्यांनी माझ्या धंद्याविषयी कधी नाक मुरडलं नाही.

तुटलेल्या आर्मचा तुकडा गॅरेजात खिळ्याला टांगला होता. माझ्याकडे शिकायला आलेला प्रत्येक जण पहिल्या दिवशी त्याबद्दल विचारायचा.

साठचं दशक सरता सरता नामदेवराव एकदा अमरावतीला आले. केस पांढरे झालेले, हातात केळीचा घड आणि पिशवीत ती वही.

"गाडी गेली महाराज. इंजिनच थकलं. म्हटलं, वही तुमाले द्यावी. माह्या घरी कोन वाचते?"

ते गेल्यावर मी वही उघडली. पहिलं माझं पान. मग हेडमास्तरांच्या लाल रेघा. आणि त्यापुढे नामदेवरावांचं मोठं, वेडंवाकडं अक्षर. गाडीला जे जे होईल ते लिहायचं, असं हेडमास्तरांनी त्यांना सांगितलं असणार. त्यांनी ते आपल्या परीने समजून घेतलं होतं. 'तेल बदललं. शांताबाईले अकोल्याले नेलं, पोरगी झाली.' 'मांगचं चाक पंचर. पाटलाच्या सुनेले नेलं, पोरगा झाला, दोघंबी चांगले.' 'बिरेक दाखवले. वहिनीले नेलं. पोरगा झाला.' पानामागून पानं अशीच. गॅरेजातला चहाचा स्टोव्ह पेटवायचं विसरून मी सगळी वाचली.

शेवटच्या पानावर एकच नोंद होती.

'आज गाडी भंगारात देली. ष्टेरिंगनं कधी दगा नाई देला.'